तिसऱ्या इंजेक्टरची गळती

बोनेटखालून पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवत गॅरेजला आणू नका. आहे तिथे बंद करा आणि मिस्त्रीला बोलवा. हे मी आधीही सांगायचो. गेल्या मे महिन्यातल्या त्या गाडीनंतर जास्तच जोर देऊन सांगतो.

बडोद्यात प्रतापनगरला माझं गॅरेज आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या एक काकू, निवृत्त शिक्षिका, भर दुपारी चारही काचा खाली करून आल्या. गाडी जुनी, पण निगा उत्तम.

"अरे, इंजेक्टर साफ करून बसवल्यापासून वास येतोय बघ. त्या गॅरेजवाल्यानं दोनदा रबर बदललं. आता म्हणतो, नवीन काम आहे, थोडा वास येणारच. मला उद्या लेकीकडे नाशिकला निघायचंय."

"काकू, आधी गाडी बंद करा. किल्ली मला द्या आणि तुम्ही तिकडे पंख्यापाशी बसा."

थोडा वास येणारच, हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. जोड नीट बसला असेल तर वास अजिबात येत नाही.

बोनेट उघडलं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी तोटी, आणि सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी म्हणजे फ्युएल रेल. तिसऱ्या इंजेक्टरच्या वरच्या टोकाशी, जिथे तो फ्युएल रेलमध्ये बसतो तिथे, ओल होती आणि थेंब खाली बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर पडत होता. अल्टरनेटरच्या आत फिरत्या रिंगवर ब्रश घासतात, तिथे ठिणगी उडू शकते. काकू रस्ताभर अशाच आल्या होत्या. शटर पूर्ण वर केलं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवला आणि पोराला बजावलं, वायरवाला बल्ब आणायचा नाही, बॅटरीवरचीच टॉर्च घे.

एरवी रेल खोलण्याआधी गाडीतल्या फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे दाब उतरतो. इथे सेल्फ मारायचा प्रश्नच नव्हता. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, इंजिन पार गार होऊ दिलं, मग जोडाला जाड फडकं गुंडाळून तो हळूहळू सैल केला. अशा गाड्यांच्या रेलमध्ये साधारण 3 बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. घाई केली तर पेट्रोल थेट डोळ्यांत उडतं.

इंजेक्टरला दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, असतात. वरची पेट्रोल अडवते, खालची मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, बाहेरची हवा शिरू देत नाही. खालची गेली तर वास येत नाही, आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग, वरखाली होतं. आपली तक्रार वरचीच होती. ती बाहेर काढून टॉर्चखाली धरली. रिंग नवीकोरी, पण एका बाजूला नखाच्या कोरीएवढी चकती सोलून निघालेली. काकूंनी आधी काढलेल्या रिंगाही डिकीत पुडीत बांधून ठेवल्या होत्या, शिक्षिकेची शिस्त! त्यातल्या दोन रिंगा तशाच सोललेल्या निघाल्या. रबर खराब असतं तर ते कुठेही फाटलं असतं. एकसारखी सोलली जातेय म्हणजे बसवताना काहीतरी कापतंय.

रेल टेबलावर घेऊन तिसरा इंजेक्टर बसतो त्या खोबणीच्या तोंडावरून करंगळीचं नख फिरवलं आणि ते अडकलं. ॲल्युमिनियमचा एक बारीक काटा वर आलेला. जुनी, कडक झालेली रिंग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली होती, त्याचीच ती खूण. त्यानंतर तिथे कितीही चांगली रिंग घातली तरी आत जाताना ती सोलणारच होती.

ओरखडा जिथे रिंग बसते तिथपर्यंत उतरला असता तर रेलच बदलावी लागली असती. तो तोंडाच्या उतारावरच थांबला होता. लाकडी दांडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून काटा घासून काढला, नख सरळ फिरेपर्यंत. मग रेल आतून पेट्रोलनं धुऊन हवेनं फुंकून घेतली, कारण त्यातला एक कण जरी इंजेक्टरमध्ये गेला तर पुढे तोच इंजेक्टर टपकायला लागतो.

रिंगा मकरपुरा जीआयडीसीतून आणल्या, इथेनॉलचं पेट्रोल सोसणाऱ्या व्हिटॉन रबराच्या, व्हर्नियर मापकानं जाडी मोजून. 2023 पासून पेट्रोल पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलंय, तेव्हा मिळेल त्या डब्यातली साधी काळी रिंग घालणं मला पटत नाही. प्रत्येकीला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावलं. सिलिकॉन ग्रीस नाही, त्यानं धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडतो. चारही इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवले, क्लिपा लावल्या, रेल दोन्ही हातांनी सरळ दाबली आणि बोल्ट आळीपाळीनं आवळले. इंजेक्टर हातानं थोडा फिरतोय का ते शेवटी पाहिलं. एखादा जाम वाटला तर तो तिरका बसलाय असं समजायचं.

मग बॅटरी जोडून नुसती किल्ली ऑन केली. पंप एक-दोन सेकंद गुणगुणतो आणि रेल भरते. असं काही वेळा केलं आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरा टिश्यू फिरवला. उन्हाळ्यात पेट्रोल झटकन उडून जातं, डोळ्याला दिसत नाही, टिश्यूला मात्र ओल कळते. कागद कोरडा. मगच सेल्फ मारला.

"म्हणजे आता निघू?"

"उद्या सकाळी, काकू. रात्रभर गार झालेल्या इंजिनावर एकदा बघू द्या."

सकाळीही टिश्यू कोरडाच निघाला आणि काकू सुरतच्या रस्त्यानं नाशिकला गेल्या. त्यानंतर मी त्या गॅरेजवाल्याला फोन केला. भांडायला नाही. खोबणीतल्या काट्याचं सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, त्याच आठवड्यात आणखी एका गाडीच्या रिंगा त्याच स्क्रू ड्रायव्हरनं काढल्या होत्या. त्या गाडीच्या मालकाला त्यानं लगेच फोन लावला आणि गाडी चालवत न आणता टो करून आणायला सांगितली.