झाडांच्या बागेत शिल्पे कशासाठी?

वनस्पती उद्यानात येणाऱ्यांना झाडे दाखवीत फिरणे हे माझे आवडीचे काम आहे, आणि आमची वाट एखाद्या शिल्पाजवळून गेली की कुणीतरी हमखास विचारते, "ही बाग झाडांसाठी आहे ना, मग इथे शिल्पे कशासाठी?" विचारण्यात कधी कुतूहल असते, कधी स्पष्ट नाराजी. तुम्हीही विचारलेत, म्हणून एरवी चालता चालता दोन वाक्यांत आटोपते ते उत्तर इथे सविस्तर लिहीत आहे. उद्यानात शिल्पे असण्याला माझा विरोध नाही. योग्य जागी ठेवलेले शिल्प माणसाला झाड पाहायला शिकवते, असाच माझा अनुभव आहे. मात्र ती जागा कोणती, पाया कसा घालायचा, धातू कोणता चालेल आणि शिल्पाचा मुक्काम किती असावा, हे ठरवताना शेवटचा शब्द त्या जमिनीची निगा राखणाऱ्या माळ्याचा असला पाहिजे, आणि या बाबतीत मी तडजोडीला तयार नसते.

ही प्रथा नवी नाही. इटलीतील पादुआ येथे १५४५ साली विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती नीट ओळखता याव्यात म्हणून जे उद्यान उभे राहिले, त्यातही पुतळे आहेत, आणि वनस्पतिशास्त्राचा जनक मानला जाणारा ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस त्यांत आहे. पण असा पुतळा एखाद्या व्यक्तीचे स्मरण करून देतो. आजच्या शिल्पाकडून माझी अपेक्षा त्याहून वेगळी आहे, आणि ती समजण्यासाठी लंडनच्या क्यू उद्यानात २००७-०८ मध्ये भरलेल्या हेन्री मूर यांच्या २८ शिल्पांच्या प्रदर्शनाचे उदाहरण घ्यावे. मूर हाडे, गारगोट्या, शिंपले जमवीत आणि त्यांच्या वळणांतून, पोकळ्यांतून त्यांची शिल्पे आकार घेत. अशी आकृती विस्तीर्ण हिरवळीवर जुन्या वृक्षांच्या सोबतीने उभी राहते तेव्हा शिल्पातली पोकळी पाहून झालेली नजर फांद्यांमधल्या पोकळीकडे आपोआप वळते.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, कारण माणसे झाड कसे पाहतात हे माझ्या रोजच्या पाहण्यातले आहे. फूल असले तर फुलापाशी थांबतात, फळ असले तर ते खाण्याजोगे आहे का असे विचारतात, फलकावरचे नाव वाचतात आणि पुढे जातात. खोडाला पडलेला पीळ, एका बाजूला कमी प्रकाश मिळाल्याने दुसरीकडे झुकलेला माथा, तुटलेल्या फांदीची जखम भरून आल्यावर तिच्याभोवती उठलेली सालीची कड, यांच्याकडे क्वचितच कुणाचे लक्ष जाते. झाडाला एकच बाजू असल्यासारखे आपण वाटेवरून त्याच्याकडे पाहतो. शिल्पाच्या बाबतीत मात्र कुणी न सांगताही माणूस त्याला वळसा घालतो, मागून पाहतो, वाकून पाहतो, हात लावावा का असा विचार करतो. त्या वळशानंतर लगेच एखादा वृक्ष दाखवला, तर तीच माणसे त्यालाही वळसा घालतात! माझ्या दृष्टीने शिल्पाचे सगळे सार्थक एवढ्यात आहे.

काही कलाकृती याहून पुढे जातात आणि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट समोर आणतात. वुल्फगँग बट्रेस यांची सतरा मीटर उंचीची ॲल्युमिनियमची जाळीदार रचना २०१५ च्या मिलान येथील जागतिक प्रदर्शनासाठी तयार झाली आणि पुढच्या वर्षी क्यू उद्यानात उभारली गेली. तिच्यातले दिवे आणि नाद उद्यानातल्या एका खऱ्या पोळ्यातील मधमाश्यांच्या हालचालींशी जोडलेले आहेत. पोळ्यात लगबग वाढली की रचनेतही ती जाणवते. परागीभवनावर मी कितीही वेळ बोलले तरी जे पोहोचत नाही, ते तिथे उभे राहिल्यावर पोहोचत असणार. न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात २०२१ साली झालेले जपानी कलाकार यायोई कुसामा यांचे प्रदर्शनही मला असेच सयुक्तिक वाटते, कारण त्यांच्या घरचा व्यवसायच बियाण्यांचा आणि रोपवाटिकेचा होता, आणि भोपळे व फुले हे त्यांच्या कलेत लहानपणापासून आलेले विषय आहेत.

याउलट, हरितगृहात ऑर्किडच्या गर्दीत भडक रंगाची काच मांडण्याची पद्धत मला पटत नाही, मग ती काच कितीही कौशल्याने घडवलेली असो. तळव्याएवढ्याही नसलेल्या, हिरवट-तपकिरी फुलांच्या ऑर्किडशेजारी तळपती केशरी काच उभी केली, तर कुणाकडे पाहिले जाईल हे सांगायला नको. डेल चिहुली यांच्या काचशिल्पांनी अनेक उद्यानांत मोठी गर्दी खेचली आहे, आणि खुल्या पाण्यावर किंवा निवडुंगांच्या करड्या, काटेरी बागेत ती मलाही भावतात. माझी हरकत काचेला नाही, शेजाराला आहे.

आता माळ्याचा शब्द शेवटचा का, ते सांगते. बहुतेक झाडांची पाणी आणि अन्नद्रव्ये शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या तीस ते साठ सेंटीमीटरच्या थरात असतात, आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही दूरवर पसरलेली असतात. झाडाच्या सावलीत शिल्प शोभेल असे वाटून तिथे काँक्रीटच्या पायासाठी खड्डा खणला, की नेमकी हीच मुळे तुटतात. खड्डा न खणताही नुकसान होते. अवजड शिल्प आणणारी क्रेन ओल्या जमिनीवरून एकदा जरी गेली, तरी मातीच्या कणांमधली हवेची जागा दबून जाते, पाणी मुरेनासे होते आणि मुळे गुदमरतात. झाड लगेच काही दाखवत नाही. प्रदर्शन संपते, शिल्प परत जाते, लोक विसरतात, आणि काही वर्षांनी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागतात. तोवर कारण आणि परिणाम यांचा संबंध जोडणारे कुणी उरलेले नसते. म्हणून जड वाहनाच्या वाटेवर लाकडाच्या भुश्याचा जाड थर आणि त्यावर पोलादी पत्रे अंथरणे, पाया खणण्याऐवजी मुळे चुकवून जमिनीत स्क्रूसारखे फिरवत बसवायचे पोलादी खांब वापरणे आणि पावसाळी दिवसांत काम थांबवणे, या अटी करारातच लिहिलेल्या असाव्यात.

धातूचा आणि दगडाचा प्रश्न त्याहून कमी लोकांना ठाऊक असतो. ब्राँझवरून ओघळणाऱ्या पावसाच्या पाण्यात तांब्याचा अंश येतो; शेवाळ, दगडफूल आणि पाण्यातले लहान जीव यांना तो घातक असतो, आणि झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाडना तर तांबे मुळीच सोसत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडावरून जस्त उतरते. चुनखडीचा दगड किंवा ताजे काँक्रीट भोवतालच्या मातीची आम्लता घटवते, त्यामुळे कॅमेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांच्यासारख्या आम्लधर्मी मातीत वाढणाऱ्या झुडपांना लोह मिळेनासे होते आणि त्यांची पाने पिवळी पडतात. चकचकीत, अंतर्वक्र पोलाद ऊन एका बिंदूवर एकवटून समोरची पाने करपवू शकते. रात्रीच्या रोषणाईचेही तसेच आहे. शेवंती आणि पॉइन्सेटिया यांना कळी धरण्यासाठी अखंड लांब रात्र लागते, आणि मध्यरात्री थोडा वेळ पडलेला प्रकाशही त्यांचा बहर लांबवतो. पतंगांची दिशाभूल होते ती वेगळीच.

प्रदर्शनामुळे तिकिटांचे उत्पन्न वाढते आणि बागेत एरवी न फिरकणारी माणसे येतात, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद मला मान्य आहे. त्या पैशांतला काही भाग प्रदर्शनानंतर जमीन सुधारण्यासाठी आधीच राखून ठेवावा, एवढेच मी त्यात जोडेन.

मुक्कामाबाबत विचाराल, तर मला तात्पुरती शिल्पे अधिक पसंत आहेत. अमेरिकन शिल्पकार पॅट्रिक डॉहर्टी कोवळ्या फांद्या विणून घरट्यांसारख्या, मनोऱ्यांसारख्या प्रचंड आकृती उभारतात, आणि साधारण दोन वर्षांत त्या जीर्ण झाल्या की काढून टाकल्या जातात. कायमची शिल्पे नसावीतच असे नाही. परंतु शिल्प आहे तेवढेच राहते आणि झाड वाढत राहते. रोप लहान असताना शेजारी शोभणारी मूर्ती वीस वर्षांनी फांद्यांत अडकते, आणि मग ती दिसावी म्हणून फांद्या छाटण्याची मागणी येते. अशा वेळी मूर्ती हलवावी. ती हलवता येईल असाच तिचा चबुतरा पहिल्या दिवशी बांधावा, आणि तो किती अंतरावर बांधायचा हे ते झाड पूर्ण वाढल्यावर किती पसरेल ते मोजून ठरवावे.