मुस्तफा मेला, असं मीच लिहून दिलं होतं

माझ्या रोजच्या कामात सांगण्यासारखं फार नाही. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यांतून मोटारी चालवणाऱ्या ड्राइव्हची, सर्व्होची इलेक्ट्रॉनिक कार्डं येतात आणि राजेंद्र नगरच्या घराच्या मागच्या खोलीत मी ती दुरुस्त करतो. लोकांना वाटतं सगळं कौशल्य सोल्डरिंगमध्ये आहे. प्रत्यक्षात निम्मा वेळ कार्डाला फसवण्यात जातो. तू टेबलावर नाहीस, मशीनमध्येच बसला आहेस, असं त्याला भासवावं लागतं. या सोंगाला आम्ही टेस्ट जिग म्हणतो.

गेल्या महिन्यात छावणीतले एक काका रिक्षातून पत्र्याची ट्रंक घेऊन आले. नव्वदच्या दशकात त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मुलगा आता विजय नगरकडे कॅफे काढतोय आणि त्याला तिथे एक जुनं मशीन ठेवायचंय. मशीनची लाकडी पेटी कधीच वाळवीनं खाल्लेली. ट्रंकेत जुन्या 'नईदुनिया'च्या पानांत गुंडाळलेले गेमचे पाच सर्किट बोर्ड तेवढे होते.

"बाकीचे राहू दे रे. यातला मुस्तफा चालला पाहिजे."

तेव्हा ज्यांचा जन्म झाला नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' म्हणजे आपला मुस्तफा. निवडायला चौघं जण होते, पण पोरांनी गेमला नाव दिलं ते टोपीवाल्या मुस्तफाचं, त्याच्या उडत्या लाथेमुळे. माझे दहावीचे कितीतरी रुपये त्या लाथेत गेलेत. त्यामुळे ट्रंक पाहिल्यावर मी "हो" म्हणालो ते धंद्याचा हिशोब करून नव्हे.

बोर्ड दुमजली, नकली. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही आणि अर्ध्या चिपांवरचे नंबर घासून काढलेले. पण कडेची बोटं, म्हणजे कनेक्टरमध्ये बसणाऱ्या पट्ट्या, मात्र जामा नावाच्या ठरलेल्या पद्धतीची. १९८५ च्या सुमारास जपानी मशीनवाल्यांच्या संघटनेनं हे ठरवलं, ही त्यांची मोठीच कृपा. एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, मिळून ५६ बोटं. कोणत्या बोटाला पाच व्होल्ट, कुठे लाल रंग, कुठे नाण्याची स्विच, सगळं ठरलेलं. एकच जिग केला की शेकडो गेम तपासता येतात. सातव्या बोटाच्या जागी खाच असते, म्हणजे बोर्ड उलटा बसू नये. नकली बोर्डांत ती खाचही कधीकधी नसते. उलटा खुपसला की धूर.

महाराणी रोडवर हा कनेक्टर मागितला तर दुकानदारानं मला २२ बोटांचा दाखवून "दो जोड़ लो भिया" म्हटलं. शेवटी तारा जोडलेला तयार कनेक्टर, म्हणजे हार्नेस, ऑनलाइन मागवला. रंगीबेरंगी, प्रत्येक तारेला लेबल. बघून जीव खुश झाला.

पॉवरला कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, घेतला, पांढऱ्या तारेवर उणे पाच व्होल्ट देणारा. नव्यांत ती तार येत नाही आणि काही जुन्या बोर्डांच्या आवाजाला ती लागते. हिरवी तार काळीला जोडली की तो चालू होतो. पण नुसता चालू करून भागत नाही. वजन, म्हणजे लोड, नसेल तर व्होल्टेज भरकटतं, म्हणून बारा व्होल्टवर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब कायमचा लावून टाकला.

खरी मजा पडद्याची. हे बोर्ड लाल, हिरवा, निळा आणि चित्र जागेवर धरणारा सिंक असे चार वेगळे सिग्नल देतात, तेही जुन्या टीव्हीच्या वेगानं, १५ किलोहर्ट्झच्या आसपास. आजचा मॉनिटर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण आमच्या माळ्यावर १४ इंची रंगीत टीव्ही होता. त्याच्या जंगल आयसीला, म्हणजे चित्राचा सिग्नल हाताळणाऱ्या चिपला, चॅनेलचा आकडा पडद्यावर लिहिण्यासाठी तिन्ही रंगांच्या वेगळ्या पिना असतात. मी त्या आकड्याची वाट तोडली आणि तिथून मुस्तफाला आत घेतलं. रंग रेझिस्टर लावून उतरवले, कारण बोर्ड देतो कित्येक व्होल्ट आणि टीव्हीला हवेत ०.७. सिंक ४७० ओहममधून टीव्हीच्या व्हिडिओ इनपुटला. ब्लँकिंगच्या, म्हणजे टीव्हीचं स्वतःचं चित्र झाकून हे रंग दाखवणाऱ्या पिनला कायमचे दीडेक व्होल्ट. शॉक बसू नये म्हणून टीव्हीला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावलाच लावला. इंटरनेटवर टीव्हीचा मागचा भाग उघडून हसत हसत बोट दाखवणारे वीर पाहिले की वाटतं, यांना एकदा तरी हिसका बसायला हवा. स्पीकरची उणे तारही मी ग्राउंडला जोडली नाही. काही बोर्डांत त्या तारेवरही ॲम्प्लिफायरचं आउटपुट असतं आणि ती ग्राउंड केली की तो जातो. हे सगळं मी नीट केलं, म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

पाचपैकी एकच बोर्ड चालला, 'स्नो ब्रदर्स', १९९० चा, आकारानं सगळ्यांत लहान. बाकी चारांपैकी दोन काळे. एकावर नुसता चौकटींचा कचरा. मुस्तफा दर सेकंदाला रीसेट होत होता. ६८००० या मुख्य प्रोसेसरच्या १८ नंबरच्या, रीसेटच्या पायावर लॉजिक प्रोब धरला की लुकलुक, लुकलुक. प्रोग्रॅम पुढे सरकत नाही म्हणून वॉचडॉग, म्हणजे पहारा देणारं सर्किट, त्याला झोपेतून पुन्हा पुन्हा उठवतोय. मी रॅम बदलून पाहिली, ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅमच्या चिपा, काढून वाचले. अडीच दिवस गेले. मग मास्किंग टेपवर मार्करनं 'डेड' लिहून चारही बोर्डांवर चिकटवलं. रिपोर्ट दिला, पाच व्होल्टची लाइन ५.०८, ठीक. आठशे रुपये घेतले. काका काही बोलले नाहीत, चार बोर्ड पिशवीत घालून गेले. 'स्नो ब्रदर्स' दोन दिवस चालवून बघायला मी ठेवून घेतला.

रविवारी मुलगा तो खेळत बसला होता. टेबल आवरताना माझा हात हार्नेसला लागला. लाल तार कोमट होती.

कोमट?

मीटर घेतला. एसएमपीएसवर ५.०८. तेच बोर्डावर, ६८००० च्या पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या, १४ आणि १६ नंबरच्या पायांवर, ४.७४. या जातीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ लागतात. म्हणजे चालणारा बोर्डही उंबरठ्याबाहेर उभा राहूनच चालत होता. लाल तार सोलली तर आत केसांसारख्या सात तारा. मीटरभर जायची, मीटरभर यायची, मिळून ०.१६ ओहम. चार बोटांना चार तारा हव्यात तिथे बनवणाऱ्यानं एकच आणून कनेक्टरवर चारही बोटांना जोडणारा पूल केला होता, आणि ग्राउंडचंही तेच. छोटा बोर्ड २.१ अँपिअर ओढत होता. वहीत मुस्तफापुढे माझ्याच अक्षरात ३.४ लिहिलेलं. गुणाकार, वजाबाकी मुलानंच करून दिली. मुस्तफाच्या वाट्याला ४.५४.

मी वीस वर्षं २४ व्होल्टवर काम करतोय. तिथे अर्धा व्होल्ट तारेत गेला तर कोणी विचारत नाही. पाचातून अर्धा गेला की दहावा हिस्सा गेला, हे मी कोणत्याही पोराला शिकवलं असतं. गिऱ्हाइकाच्या कार्डावर मी कधी विश्वास ठेवत नाही. तारेवर ठेवला, कारण ती नवी होती आणि तिच्यावर लेबल होतं.

सोमवारी सकाळी काकांना फोन केला.

"ते? ते तर शनिवारीच भंगारवाल्याला दिले रे. तूच म्हणालास ना गेले म्हणून."

स्कूटर काढली. भंगारवाल्याकडे चारातले दोन सापडले, दोन आदल्या दिवशीच पुढे गेले होते. सापडलेल्या दोघांचीही बोटं कापलेली. सोन्याचा मुलामा असतो म्हणून ती पट्टी कातरून वेगळ्या डब्यात जमा करतात. मुस्तफाचे दोन मजले वेगळे केले होते, मधल्या पिना वाकलेल्या, आणि वरच्या मजल्यावर माझ्या अक्षरातली टेप जशीच्या तशी. "इसका क्या करोगे, ये तो डेड लिखा है," तो म्हणाला. दोन्ही वजनावर विकत घेतले.

रात्री पिना सरळ केल्या. कापलेल्या कडेवरचा हिरवा थर खरवडला, तांब्याला कथील दिलं आणि पाच व्होल्ट नि ग्राउंडसाठी घराच्या वायरिंगची दीड एमएमची तार थेट बोर्डावर डकवली. मग तीन रंग आणि सिंक. चिपच्या पायांवर ५.०२ बघूनच टीव्हीकडे मान वळवली. चालू होता. आवाज नव्हता, कारण १२ व्होल्ट दिलेच नव्हते. चौघं जण गुपचूप एकापाठोपाठ येत होते, जात होते. मी खुर्चीत बसून राहिलो.

दुसरा बोर्ड पाच व्होल्ट पुरेपूर देऊनही काळाच. तो खरंच गेलेला. पुढे गेलेल्या दोघांचं काय, याचा हिशोब मात्र कुठल्याच मीटरवर लागत नाही. त्यातला एक तो चौकटींच्या कचऱ्याचा होता आणि तसला कचरा कमी व्होल्टेजनंही दिसतो.

काकांना सगळं सांगितलं, तारेचंही. मला वाटलं रागावतील. त्यांनी विचारलं, "मुस्तफा चालतो ना?"

"चालतो. पण बोटं नाहीत. एकेक तार डकवावी लागेल."

"डकव की मग."

आठशे रुपये परत द्यायला गेलो तर घेईनात. तपासायचे होते, तू तपासलेस, म्हणाले. ते अजून ड्रॉवरमध्येच आहेत. रिकामा कनेक्टर बोर्डाच्या कडेला चिकटवलाय आणि त्याच्या पायापासून बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेपर्यंत, भिंग लावून, एकेक तार. आज रात्रीपर्यंत २७ झाल्या. दुसऱ्या खेळाडूची उडी अजून लागत नाही.