‘काल काय काय खाल्लंत, काकू?’

जानेवारीत आमच्या सोसायटीतली एक मुलगी घरी आली. पोषणशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रबंधाचा विषय: खाण्याची आवड आणि वजन. ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीतल्या नोकरी करणाऱ्या बायका तिला हव्या होत्या आणि दहाजणींना विचारावं तेव्हा एखादी तयार व्हायची. वजन चारचौघांत कळेल ही धास्ती. मलाही होती, म्हणूनच हे लिहितेय.

सुरुवात संमतीपत्राने. दोन पानं, मराठीत. नावाऐवजी क्रमांक, आणि वाटेल तेव्हा मध्येच थांबायची मुभा. मग उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६१.५ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५.९. पाश्चात्त्य मापाने मी नुसती ‘जास्त वजनाची’. आपल्याकडे मात्र २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. कंबर मोजताना तिने शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपून दोन्हींच्या मधोमध टेप धरली, श्वास सोडायला सांगितलं आणि आकडा लिहिला. ८६. बायकांसाठी मर्यादा ८०.

मी गप्प झाले. तिने तो आकडा मोठ्याने वाचला नाही, वहीत लिहून पान उलटलं. मग पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपली अंगकाठी बारीक दिसली तरी आत चरबी जास्त असते, म्हणून आपली मापं वेगळी. हे कळल्यावर माझा सगळा दोष माझ्या जिभेचा आहे ही इतक्या वर्षांची समजूत थोडी सैल झाली.

खरं काम पुढे होतं. ‘चोवीस तासांची आठवण’. काल सकाळी उठल्यापासून आज उठेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगायचं. असं तीन वेळा, दोनदा कामाच्या दिवसांचं आणि एकदा रविवारचं. वार आधी सांगत नाहीत, नाहीतर माणूस त्या दिवशी जपून खातो. पहिल्या दिवशी मी भराभर सांगितलं: चहा, दोन पोळ्या-भाजी डब्यात, संध्याकाळी चहा, रात्री वरण-भात. तिने टोकलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चहाबरोबर काही? ऑफिसात कोणाचा वाढदिवस? भाजीची चव बघताना? लेकाच्या डब्यात उरलेलं काही? आणि एकेक निघत गेलं. सकाळची तीन बिस्किटं, भायखळ्याला ऑफिसात साडेअकराच्या चहाबरोबर दोन, चारला फरसाण, घरी आल्यावर पुन्हा दोन बिस्किटं, लेकाने ठेवलेली अर्धी पोळी जॅमसकट. यातलं काहीही मी लपवलं नव्हतं. मला ते खाणं वाटलंच नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली अशाच, कमी खाऊनही वजन उतरत नाही म्हणणाऱ्या लोकांचं खाणं प्रत्यक्ष तपासलं होतं. ते सांगत होते त्याहून बरंच जास्त खात होते, सरासरी ४७ टक्के खाणं सांगण्यात येतच नव्हतं. हे तिने मला सगळं संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी नक्की दुखावले असते.

मापांसाठी तिने आमचीच भांडी मागितली. मी रोजची स्टीलची वाटी दिली. तिने ती पाण्याने भरली, पाणी मापाच्या नळीत ओतलं: २२० मिली. ‘एक वाटी भात’ म्हणताना माझ्या मनात याहून बरीच लहान वाटी होती. तेलाचं कोणाला आठवत नाही, म्हणून महिन्याला किती पिशव्या येतात ते विचारलं. लिटरच्या पाच, माणसं चार. माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम. बैठं काम करणाऱ्या बाईला आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, २० ग्रॅम सांगितलंय.

सासूबाई आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, “खाणाऱ्याचे घास मोजू नयेत गं बाळा.”

“मोजत नाही आजी, काकू सांगतात ते लिहून घेते फक्त.”

त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी लहानपणापासून घास मोजले जाताना पाहिलेत, आणि ते मोजणं नेहमी मुलींचंच असायचं.

दुसऱ्या फेरीनंतर आवडीचा तक्ता आला. साठ पदार्थ, प्रत्येकाला १ ते ९ गुण. आम्ही सीकेपी. सोड्यांची खिचडी ९, वालाचं बिरडं ९, ओल्या नारळाचे कानवले ९. बिस्किट ५, फरसाण ४. तिने दोन्ही दिवसांची पानं शेजारी ठेवली. नऊ गुणांचा एकही पदार्थ त्यांत नव्हता. पाच आणि चारवाले रोज, दिवसातून तीन-चारदा.

मला हे फार लागलं. ‘मला खायला आवडतं म्हणून मी जाड’ असं मी वीस वर्षं म्हणत आले आणि पानावर आवडीचं काही नव्हतंच. होतं ते हाताशी असलेलं. संशोधक केव्हिन हॉल यांचा २०१९ चा अमेरिकेतला प्रयोग तिने तेव्हा सांगितला. २० माणसांना महिनाभर संस्थेतच ठेवलं, दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं खाणं, दोन आठवडे साधं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी सारखी, खायचं हवं तेवढं. प्रक्रिया केलेलं खाताना ती माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. आणि चवीला दोन्ही जेवणं त्यांनी जवळजवळ सारखीच ठरवली होती. म्हणजे जास्त आवडलं म्हणून जास्त खाल्लं, असं नव्हतंच.

बिरडं का होत नाही याचं उत्तर मला ठाऊक आहे. वाल भिजवा, मोड आणा, एकेक सोला. संध्याकाळी सव्वासातला दारात पाऊल टाकणाऱ्या बाईला ते रोज जमणारं नाही. पण त्या शुक्रवारी रात्री मी जांभळी नाक्यावरून आणलेले वाल भिजत घातले. शनिवारी फडक्यात बांधून ठेवले. रविवारी सकाळी सासूबाई आणि मी परात मध्ये घेऊन सोलायला बसलो, लेकही आला.

सोमवारी मुलगी शेवटच्या आठवणीला आली. मी आधीच विचारलं, तुझा अभ्यास बिघडला का? ती म्हणाली, जे खाल्लं तेच लिहायचं.

“मग काल दुपारी?”

“बिरडं आणि भात. बिरडं दोन वाट्या.”

“कोणती वाटी, काकू?”

मी उठून आमची वाटी आणली आणि तिच्यासमोर ठेवली.