दोर ओढून घेतल्यावर

"पण दोर ओढून घेतला, की परत वर कसं रे यायचं?" आईंनी फोनवर विचारलं आणि माझा लेक एकदम गप्प झाला.

इकडे इंदूरला आमचे सकाळचे पोहे चालले होते, तिकडे तो रात्री सामानाची यादी करत होता. एप्रिलमध्ये चौघे मित्र अमेरिकेत युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानाच्या अरुंद घळींत दोराने उतरणार आहेत. वर छान ऊन असतं, तळाशी ते जेमतेम पोचतं, आणि डोहांतलं पाणी हाडं गोठवणारं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं, म्हणून जाड वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख, हवाच. एकेक कडा उतरला की दोर खाली ओढायचा. मग फक्त पुढे.

आईंना आपला इंदूरजवळचा पाताळपाणी धबधबा आठवला. 2011 च्या जुलैत लोंढा आला आणि बघता बघता माणसं वाहून गेली. झायनच्या कीहोल घळीतही 2015 मध्ये अशाच पाण्याने 7 जणांचा जीव घेतला.

थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला: "आजीला सांग, काही खटकलं तर पहिला दोर ओढायच्या आतच मागे फिरू."

मी तो तीनदा वाचला. परमिट हातात, सुट्ट्या मंजूर, मित्र तयार. अशा वेळी त्या कड्यावर "आज नको" असं आधी कोण म्हणेल?