क्रोममध्ये माउसचा बाण गायब, आणि फुकट मारलेलं फॉरमॅट

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रात्री घरी यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरत बसले होते, निम्मा वर्ग झाला असेल, आणि क्रोममध्ये माउसचा बाण दिसेनासा झाला. दुसरा माउस लावला, टचपॅडवर बोट फिरवलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. दहा मिनिटं बरं, की पुन्हा तेच.

तालुक्याच्या दुकानात नेला. तिथल्या मुलाने बाण नेमका कुठे जातो हेही विचारलं नाही. "मॅडम, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. डेटा सी ला की डी ला?" मी सांगितलं, सगळा डी ला. डेस्कटॉपवर ठेवलेले फोल्डर सी ड्राइव्हमध्येच असतात आणि फॉरमॅट मारताना तोच पुसला जातो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याला नक्कीच ठाऊक असणार. दोन दिवस गेले, आठशे रुपये गेले आणि डेस्कटॉपवरच्या चौथीच्या प्रश्नपत्रिकाही गेल्या. त्यातली चित्रं मी हाताने काढून स्कॅन केली होती. घरी येऊन क्रोम उघडलं, तर पाव तासात बाण पुन्हा गायब! फोन केला तेव्हा म्हणाला, "मग मदरबोर्ड बघावा लागेल." तो राग अजून उतरलेला नाही.

त्या रात्री काही न करता नुसती पडद्याकडे बघत राहिले. बाण दिसत नव्हता, पण माउस सरकवला की वरचे टॅब एकापाठोपाठ एक उजळत होते. लिंकवर गेलं की डाव्या कोपऱ्यात खाली तिचा पत्ता उमटत होता. क्लिकही बरोबर लागत होतं. आणि खाली टास्कबारवर आलं की बाण हजर! म्हणजे माउस धड, विंडोज धड. दुकानात कुणी दोन मिनिटं एवढं बघितलं असतं, तर माझ्या प्रश्नपत्रिका वाचल्या असत्या.

क्रोम पान रंगवायचं काम ग्राफिक्स चिपकडे देतं. तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारं सॉफ्टवेअर, जुना असला की असे घोळ होऊ शकतात. क्रोम नव्याने टाकलं तरी ही सोय आधीपासून चालूच असते, म्हणून फॉरमॅटनंतरही त्रास तसाच राहिला.

बाण नसताना सेटिंगपर्यंत जायचं कसं? कंट्रोल आणि एल दाबा, पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा, सेटिंग्ज, एक तिरकी रेघ, सिस्टिम असं सलग लिहून एंटर मारा. टॅबची कळ दाबत 'ग्राफिक्स ॲक्सेलरेशन'च्या, म्हणजे याच सोयीच्या, बटणावर या (जुन्या क्रोममध्ये 'हार्डवेअर' लिहिलेलं असतं) आणि स्पेसबारने ते बंद करा. शेजारी 'रीलाँच' येतं, ते दाबा; क्रोम नव्याने सुरू झाल्याशिवाय बदल लागू होत नाही. मी पहिल्यांदा तिथेच चुकले होते. रीलाँच करण्याआधी अर्धवट भरलेला फॉर्म मात्र सेव्ह करा.

क्रोम उघडलं आणि बाण पानाच्या मधोमध दिसला. तासभर काम केलं, एकदाही गायब झाला नाही.

पण मग व्हिडिओ लावला की पंखा जोरात फिरू लागला, कारण सगळा भार प्रोसेसरवर आला. म्हणून रविवारी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून माझ्या मॉडेलचा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि ती सोय परत चालू केली. तेव्हापासून बाण जागेवर आहे. आणि हो, व्हिडिओ पूर्ण पडद्यावर असताना काही सेकंदांनी बाण लपतो तो बिघाड नव्हे, माउस हलवला की येतो. त्यासाठी कुणाला आठशे रुपये देऊ नका.