तुम्ही विचारलंत म्हणून: मनाली ते लेह, सायकलवर, एकट्याने, किती दिवस?

हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात येतो आणि विचारणाऱ्याने मनात आकडा आधीच ठरवलेला असतो: आठ. रजा दहा दिवसांची, जाण्यायेण्यात दोन गेले, उरले आठ. आमचं उत्तर बारा. पाय कितीही तयार असले तरी बारा.

रोहतांगवरून हे अंतर सुमारे ४७५ किलोमीटर आहे. दर रविवारी खंबाटकी नाहीतर वरंधा चढणाऱ्याला ते सहा दिवसांत जमेलही. चढही जीवघेणे नाहीत, रस्ता लष्कराच्या ट्रकांसाठी आखलेला आहे. अडचण आहे ती रात्री कुठे झोपायचं याची. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि मनालीच २,०५० वर. सह्याद्रीत कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. ती तिथे राहूनच होते.

नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

आता नकाशा पाहा. केलाँग ३,१००, जिस्पा ३,२००. तिथून बारालाचा ला ('ला' म्हणजे खिंड, उंची ४,९०० च्या जवळ) ओलांडला की सर्चू, ४,३००. म्हणजे एका दिवसात मुक्काम १,१०० मीटरने वर. खरा घात त्याच्यापुढे आहे. सर्चूला डोकं ठणकायला लागलं तर उतरायला वाटच नाही. मागे बारालाचा, पुढे गाटा लूप्सची २१ वळणं, नकी ला आणि ५,००० च्या वरचा लाचुलुंग ला. कुठेही जायचं तर आधी चढायचं. म्हणून विश्रांतीचे दिवस सर्चूला नव्हे, जिस्पालाच खर्च करा. दोन रात्री काढा, मधल्या दिवशी सामान ठेवून पत्सेओपर्यंत चढून परत या. मग पुढचा टप्पा तोडून पत्सेओच्या आसपास झोपा आणि मगच बारालाचा. छोटा तंबू बरोबर ठेवायचा तो याचसाठी, म्हणजे मुक्कामाची उंची ढाबेवाला ठरवत नाही, तुम्ही ठरवता. सर्चूनंतर पांग (४,६००), मूर मैदान, डेब्रिंग, ५,३२८ मीटरचा टांगलांग ला, रुमत्से आणि लेह. सर्चू ते पांग ७८ किलोमीटर एका दिवसात होतात, पण दोन दिवस घेतले तर बिघडत नाही. गाटा लूप्सवर एका वळणाशी पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसेल. त्या तिथे मेलेल्या एका क्लीनरच्या भुतासाठी ठेवलेल्या असतात, असं सांगतात. आपल्या बाटल्या मात्र सर्चूलाच भरून घ्या.

गिअरचं गणित घरीच करा. ५,००० मीटरवर शरीराची कमाल ताकद साधारण एक तृतीयांशाने कमी होते. खाली तासभर २०० वॅट लावणारा तिथे १३० च्या आसपास येतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो धरा. ६ टक्के चढावर ३४-३४ गिअरमध्ये मिनिटाला ६० पेडल मारायलाच १३० वॅट लागतात. म्हणजे दिवसभर पूर्ण जोर. पुढे ३० आणि मागे ३६ दात असतील तर ११० वर भागतं आणि गप्पा मारता येतील इतका श्वास उरतो. गप्पा मारायला कोणी नसतं, म्हणून मोठ्याने पाढे म्हणा. एक ओळ म्हणताना धाप लागली तर वेग जास्त आहे.

टायर ३२ मिलिमीटरच्या खाली नकोत. उंचीवर टायर फुगून फुटतो ही भीती सोडा. बाहेरचा दाब घटल्याने सुमारे ७ पीएसआय वाढतात, पण थंडीने जवळपास तेवढेच कमी होतात. त्रास होतो पंपाचा. हवा विरळ, त्यामुळे पांगला तोच ट्यूब भरायला जवळपास दुप्पट झटके मारावे लागतात. डिरेल्युरचा जादा हँगर (मागची गिअर बदलणारी यंत्रणा ज्याला लटकते तो धातूचा तुकडा) आवर्जून घ्या. तो मनालीपर्यंतच्या बसच्या टपावरच वाकतो आणि मनाली ते लेह मध्ये सायकलचं दुकान नाही.

नाले सकाळी दहाच्या आत ओलांडा. दुपारी बर्फ वितळून घोट्यापर्यंतचं पाणी गुडघ्यापर्यंत येतं. मूर मैदानावरही दुपारी वारा असा उठतो की सपाटीवर चढाचा गिअर लावावा लागतो.

एकट्याचा खरा धोका वेगळाच आहे. मेंदूला सूज येऊ लागली की पहिला बळी जातो तो अकलेचा, आणि 'तू बरा दिसत नाहीस' असं सांगणारं कोणी नसतं. म्हणून रोज संध्याकाळी सरळ रेषेत टाचेला बोट लावून दहा पावलं चाला. तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. सायकल तिथेच टाका आणि मिळेल त्या गाडीने खालच्या गावाकडे निघा. झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होणं मात्र उंचीवर नेहमीचं आहे. त्याने एकट्याने घाबरून जाऊ नये. अ‍ॅसिटाझोलामाइड हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करू नका.

जिस्पाच्या पुढे बहुतेक वाटभर फोन लागत नाही आणि सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. बाकी भरवसा तंबूवाल्यांवर. झोपायला जाताना त्यांना एवढंच सांगून ठेवा: "भैया, सुबह सात बजे तक चाय के लिए नहीं आया, तो तंबू खोल के देखना."