बोटाचं टोक

आज सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर सॉफ्टबॉल खेळताना उजव्या हाताच्या बोटाला लागलं, ग्लोव्ह डाव्या हातात आणि जोरात आलेला बॉल अडवायला मी घाईत उघडा हात पुढं केला. नाव सॉफ्टबॉल असलं तरी 12 इंच घेराचा तो बॉल चांगलाच टणक असतोय. दुखलं एवढं नाही पण बोटाचं टोक खाली वाकून राहिलं, काय केलं तरी सरळच होईना, ते बघून पोटात गोळा आला. एक्सरेत हाड शाबूत, टोक उचलणारं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटलंय. आता 6 आठवडे पट्टी, एकदाही वाकवायचं नाही.

दुपारी आईनं कडक भाकरी आमटीत कुस्करून दिली, डोळ्यात पाणीच आलं.

पोरांनो, रविवारी येतोय मी, स्कोअर लिहायला.